सगळं धरून किती होतील?

या महिन्यात सुट्टीबद्दलची पत्रं एवढी आलीत की वाटलं सगळा महाराष्ट्र एकदमच समुद्रावर निघालाय. बहुतेकांचा प्रश्न फिरून एकच, मुलांना घेऊन जायचंय, खर्च हाताबाहेर जाऊ द्यायचा नाही आणि तिथे गेल्यावर दर तासाला पाकीट काढायला नको. त्यातली चार पत्रं निवडली.

ताई, आम्ही सहा जण. मी, नवरा, सासूसासरे, मुलगा 9 वर्षांचा आणि मुलगी 4 वर्षांची. नाताळच्या सुट्टीत तीन रात्री जायचंय, बजेट 50 हजार. गोव्यातल्या एका रिसॉर्टने दोन रूम, तिन्ही जेवणं, ड्रिंक्स, पूल, किड्स क्लब असं ऑल-इन्क्लुसिव्ह पॅकेज 68 हजार प्लस टॅक्स सांगितलंय. नवऱ्याच्या मित्राने दापोलीजवळ कर्द्याला एका काकूंकडे सुचवलंय, रूम 3 हजार, जेवणखाण माणशी दिवसाला 900, मुलाचं अर्धं, मुलीचं काही नाही. मुलांना पूल हवाय, सासऱ्यांना मासे हवेत, मला फक्त स्वयंपाकघर बघायचं नाहीये. काय करू? (एक वाचक, चिंचवड)

तुमचं शेवटचं वाक्य मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं, सगळ्या बायका हसल्या आणि पुरुष चहा प्यायले.

आधी आकडे मांडू. 68 हजार भागिले दोन रूम भागिले तीन रात्री, म्हणजे रूमचा एका रात्रीचा दर अकरा हजारांच्या वर जातोय. रूमचा दर साडेसात हजारांच्या आत असेल तर जीएसटी 5 टक्के (22 सप्टेंबर 2025 पासून, त्याआधी 12 होता), पण साडेसात हजारांच्या वर गेलात की 18. म्हणजे ते "प्लस टॅक्स" 12,240 रुपयांचं धरून चाला, झाले 80,240. आणि नाताळात जाताय तर एक प्रश्न नक्की विचारा, 24 आणि 31 डिसेंबरचं गाला डिनर कंपल्सरी आहे का आणि त्याचे माणशी किती, कारण पुष्कळ हॉटेलं त्या दोन रात्रींचे पैसे वेगळे लावतात आणि ते पॅकेजच्या कागदावर तळाला बारीक अक्षरात असतं. वर चिंचवडहून गोव्याचं येणंजाणं आहेच.

आता कर्दे. दोन रूम तीन रात्री 18 हजार, चार मोठ्यांचं जेवणखाण 10,800, मुलाचं 1,350. एकूण 30,150. ताम्हिणीतून गाडीने गेलात तर पाच-साडेपाच तास, मुलं उलट्या करणारी असतील तर सहा.

पण फक्त स्वस्त आहे म्हणून जा असं मी म्हणत नाहीये. त्या 68 हजारात बारचे पैसे धरलेले असतात हे लोक विसरतात. तुम्ही पुढे लिहिलंय की सासरे माळकरी नसले तरी घेत नाहीत आणि नवरा वर्षातून एखादी बिअर, मग चार मोठ्या माणसांच्या न प्यायलेल्या दारूचे पैसे तुम्ही कशाला भरायचे? ऑल-इन्क्लुसिव्ह परवडतं ते पिणाऱ्या ग्रुपला. तुमच्यासारख्या कुटुंबाला गोव्यालाच जायचं असेल तर हॉटेलवाल्याला एपी किंवा मॅपचा रेट मागा. ही भाषा एकदा पाठ करून ठेवा, ईपी म्हणजे नुसती रूम, सीपी म्हणजे रूम आणि नाश्ता, मॅप म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. मुलं असतील तर माझं मत मॅप, कारण दुपारी तुम्ही कुठेतरी बाहेर असता आणि मुलांनी त्याआधीच शहाळं, भजी, आइस्क्रीम असं काहीबाही खाल्लेलं असतं.

स्वतःची फजिती सांगते. आम्ही भाच्याला घेऊन एका रिसॉर्टला एपीवर गेलो होतो, नाव नको. बुफेत बावीस पदार्थ, मी मोजले. त्याने पहिल्या रात्री दहीभात खाल्ला. दुसऱ्या दुपारी दहीभात आणि फ्रेंच फ्राइज. दुसऱ्या रात्री रडून दहीभात. चेकआउटच्या वेळी बिल बघितलं तर त्याच्या ताटाचे जेवणामागे 1,100, वर "वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी" म्हणून ज्याच्यासाठी तो दोन महिने उड्या मारत होता त्या बनाना राइडचे वेगळे, कारण पॅकेजात होती ती कॅरम आणि बुद्धिबळाची अ‍ॅक्टिव्हिटी! तेव्हापासून मी बुक करताना एकच प्रश्न विचारते, "यात काय नाही ते सांगा." काय आहे ते ते स्वतःच सांगतात.

कर्द्याच्या काकूंकडे तुम्हाला पूल मिळणार नाही हे मुलांना आत्ताच सांगून टाका, तिथे जाऊन सांगू नका. त्याबदल्यात किनारा सपाट आणि लांबलचक आहे, ओहोटीला चालत राहिलात तर पाय दुखेपर्यंत वाळू. सासऱ्यांना संध्याकाळी चारच्या पुढे हर्णै बंदरावर घेऊन जा, बोटी लागतात आणि वाळूतच लिलाव सुरू होतो, टोपल्याच्या टोपल्या, बायका बोटांच्या खुणांनी बोली लावतात आणि आपल्याला काही कळायच्या आत सुरमई कुणाची तरी झालेली असते. तिथून मासे घेतले तर काकू करून देतील का, किती घेतील, ते आधी विचारून ठेवा. काही घरांत फक्त शाकाहारी करतात, हेही फोनवरच विचारा, जाऊन तोंड पाडण्यात अर्थ नाही.

घरगुतीमध्ये काय विचारायचं ते वेगळं असतं. कमोड आहे का (सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी), रूम तळमजल्यावर आहे का, लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का, गरम पाणी गिझरचं की बंबाचं, आणि जेवण किती वाजता. हे शेवटचं महत्त्वाचं. सकाळी घावन-चटणी वाढताना काकू विचारतात "रात्रीला काय करू?" तेव्हा सांगायचं. रात्री साडेनऊला "दोन माणसं वाढली" असं नाही चालत, ते घर आहे, त्यांनाही झोपायचंय. तुम्हाला स्वयंपाकघर बघायचं नाहीये ना, मग दुसऱ्या बाईला तरी नऊनंतर त्यात का उभं करायचं.

आणि शक्य असेल तर शुक्रवार ते सोमवार नको, रविवारी दुपारी पोचा आणि बुधवारी निघा. नाताळात गर्दी असणारच, पण निदान वीकेंडवाले तुम्ही जाताना परतत असतील.

पूल हवाच असा हट्ट टिकला तर एमटीडीसी हा मधला रस्ता बघा, गणपतीपुळे, हरिहरेश्वर, वेळणेश्वर, कुणकेश्वर, तारकर्ली, सगळीकडे समुद्राला लागून जागा आहेत. पूल कुठे आहे, चालू आहे की दुरुस्तीला काढलाय, ते फोन करून विचारा, फोटोवर जाऊ नका.

जूनमध्ये रिसॉर्टचे रेट अर्ध्यावर येतात. मुलांची शाळा 15 तारखेला सुरू होते, त्याआधी पाच दिवस कोकणात जाऊन आलो तर? (नाशिक)

रेट अर्ध्यावर येतात कारण समुद्र बंद असतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे ताजी सुरमई विसरा, बोटिंग आणि स्कुबाही पावसाळाभर बंद, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही. लाटा अशा येतात की मोठी माणसंही लांबून बघतात. मुलं सात-आठ वर्षांच्या वरची असतील, भिजायला आवडत असेल आणि तुम्हाला दिवसभर पडवीत बसून पाऊस बघता येत असेल तर जा, मला स्वतःला तेच कोकण जास्त आवडतं. पण मुलांना "बीचवर जातोय" असं सांगून नेऊ नका, घात होतो.

ताई, आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला असतो. मुलं 6 आणि 11. बायको शाकाहारी, अंडं चालतं. स्पेनच्या मायोर्का बेटावर जायचा विचार आहे, हाफबोर्ड (नाश्ता आणि एक जेवण) घ्यावं की ऑल-इन्क्लुसिव्ह? इथले मराठी मित्र म्हणतात शाकाहारी माणसाचे ऑल-इन्क्लुसिव्हमध्ये पैसे वाया जातात.

तुमच्या बाबतीत मी चिंचवडच्या उत्तराच्या बरोब्बर उलट सांगणार आहे. तिकडे ऑल-इन्क्लुसिव्ह घ्या. भारतात ती सोय हौशी लोकांसाठी असते, युरोपात मुलंबाळं असलेल्या मध्यमवर्गासाठी. मुलांचा ठरलेला कमी दर असतो, आणि दुपारी चार वाजता किनाऱ्यावर चार जणांचं पाणी, ज्यूस, आइस्क्रीम बाहेर विकत घेत बसलात की हाफबोर्डमध्ये वाचवलेले पैसे तिसऱ्या दिवशी संपतात. गंमत म्हणजे ही कल्पना मायोर्कातच रुजली, 1950 साली जेरार ब्लित्झ नावाच्या बेल्जियन गृहस्थाने अल्कुदियाच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून क्लब मेड या कंपनीचं पहिलं सुट्टीचं गाव सुरू केलं, राहणं-जेवण-खेळ सगळं एकाच पैशात.

जागाही मी अल्कुदियाच म्हणेन. उत्तरेचा उपसागर आहे, वाळू बारीक आणि पाणी कितीतरी अंतर कमरेएवढंच, सहा वर्षांच्या मुलाला याहून काय हवं. मागालुफ आणि प्लाया दे पाल्मा टाळा. तिथे दारू पिऊन धिंगाणा इतका वाढला की 2020 मध्ये सरकारने कायदा करून त्या भागांत आणि इबिझाच्या सांत आंतोनीत ऑल-इन्क्लुसिव्हमध्ये दिवसाला सहाच ड्रिंक्स ठेवली, तीन दुपारच्या जेवणाला, तीन रात्रीच्या. कायदा कुठे लागू आहे ते बघायचं आणि मुलांना घेऊन तिथे जायचं नाही, सोपं आहे.

तारखांमध्ये तुम्ही नशीबवान आहात. तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याला फिंग्स्टफेरियेन, म्हणजे मे-जूनमधली पेंटेकॉस्ट सणाची सुट्टी, दोन आठवडे मिळते, तेव्हा जर्मनीच्या बऱ्याच राज्यांत शाळा चालू असतात, त्यामुळे ऑगस्टपेक्षा तेव्हा बघा. पाणी जरा गार असतं, मुलांना फरक पडत नाही, आपल्यालाच पडतो. हॉटेलवर पर्यटक कर वेगळा भरावा लागतो, 2016 पासून आहे, पण 16 वर्षांखालच्यांना माफ, म्हणजे तुम्हाला फक्त दोघांचा.

बायकोच्या जेवणाचं. बटाट्याची तोर्तिया म्हणजे अंड्याचं जाड थालीपीठच समजा, ते रोज असतं. पावावर टोमॅटो चोळून तेल घातलेलं पा आंब ओली, टोमॅटोचं गार सूप गाझपाचो, भाज्यांचा पाएया म्हणजे तिकडचा भात. फक्त पाएया आणि सूपचा रस्सा कशाचा आहे ते विचारायचं आणि सॅलडमध्ये टुना असतोच असं धरून चालायचं. तीन शब्द पाठ करा, सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन. मांस नको, मासे नको, हॅम नको. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं की काही ठिकाणी हॅमचे बारीक तुकडे त्यात बसतात असं त्यांना वाटतं. मेतकूट आणि लोणचं तुम्ही नेणारच, ते सांगायची गरज नाही.

समुद्रात मुलांना कधी न्यावं? रिसॉर्टवाले म्हणतात कधीही जा, गाववाले म्हणतात आत्ता नको. कुणाचं ऐकायचं? आणि माझ्या सासूबाईंना पूलमध्ये पाय सोडून बसायचंय, साडी चालते का? (कोल्हापूर)

गाववाल्यांचं. डोळे मिटून.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. थोडं पुढेमागे होतं पण मुलांना घेऊन निघायला पुरतं. घरात कालनिर्णय लटकलेलं असतंच, जायच्या आधी तिथी बघा आणि लिहून घ्या. मुलांना न्यायचं ते पाणी चढत असताना सुरुवातीला, आणि पाणी परत जायला लागलं की बाहेर, कारण तेव्हा पायाखालची वाळू सरकते आणि ओढ लागते. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं तेव्हा घोट्यापर्यंतच.

किनाऱ्या-किनाऱ्यात फरक आहे. गणपतीपुळ्याला उतार एकदम आहे, चार पावलांत खोल जातं, दरवर्षी बातम्या येतात तरी लोक देवदर्शन करून तसेच पाण्यात जातात. काशीदही दिसायला देखणं, पण पोहायला नाही. गोव्यात लाइफगार्ड असतात, त्यांनी लाल-पिवळी निशाणं रोवलेली असतात त्यांच्या मधेच राहायचं, आणि नुसता लाल झेंडा असेल तर अजिबात नाही. लाइफगार्ड असला तरी सहा वर्षांखालचं मूल हाताच्या अंतरावर हवं, मोबाइल पिशवीत.

सासूबाईंचं. काठावर साडी वर खोचून पाय सोडून बसल्या तर कुणी काही म्हणत नाही, पाण्यात उतरायचं तर नायलॉनचाच कॉस्च्यूम लागतो, सुती कपडे चालत नाहीत, गाउन नाही, मुलांचे टी-शर्टसुद्धा नाहीत. पूर्ण बाह्यांचे आणि पायापर्यंतचे मिळतात, निघायच्या आधी गावातच घ्या, रिसॉर्टच्या दुकानात तोच दुप्पट किमतीला असतो. आणि त्या नाहीच म्हणाल्या तर समुद्र आहेच की, तिथे नऊवारी चालते.