तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी करताना उन्हाळ्यात खगोलशास्त्राचं संशोधन करायला मिळतं का?

बीएस्सी फिजिक्स, दुसरं वर्ष, तालुक्याच्या गावचं कॉलेज, तारे कसे जन्मतात यावर सुट्टीत एखाद्या संशोधन संस्थेत काम करायची इच्छा, एवढं तुम्ही सांगितलंय. आणि शेवटी विचारलंय, "आमच्यासारख्या कॉलेजच्या मुलांना तिथे घेतात का? सर म्हणतात, नाद सोड." त्या शेवटच्या ओळीसाठी हे उत्तर लिहितोय.

घेतात. मला घेतलं होतं. आणि मलाही एका सरांनी हेच सांगितलं होतं.

बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात. अर्जासोबत शिफारसपत्र लागतं. मी फॉर्म घेऊन विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांनी तो उलटून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, "ही कामं आयआयटी-आयसरच्या पोरांची. तू स्पर्धा परीक्षेचा क्लास लाव, घरी दोन पैसे येतील." स्टाफरूममध्ये चार माणसांसमोर. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाले की उद्या तुला तिथे काही जमलं नाही तर नाव माझं खराब होईल.

पत्र शेवटी गणिताच्या मॅडमनी दिलं. त्यांनी आधी मला बसवून विचारलं, नक्की काय करायचंय तुला? मी सांगितलं ते ऐकून घेतलं, आणि पत्रात लिहिलं की हा मुलगा वर्गात शिकवलेल्या पद्धतीवर थांबत नाही, दुसरी शोधून आणतो. साधं वाक्य, पण ते फक्त माझ्याबद्दलच लिहिता आलं असतं. म्हणून सांगतो, पत्र हुद्दा बघून मागू नका. जो तुम्हाला ओळखतो त्याच्याकडे मागा. 'विद्यार्थी मेहनती व आज्ञाधारक आहे' असं प्राचार्यांच्या सहीचं पत्र कुणी वाचत नाही.

निवड झाली, पुण्याला गेलो. काम मिळालं जीएमआरटीच्या, म्हणजे पुण्याजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवर. नारायणगावजवळ खोडदला तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, म्हणजे अँटेना आहेत, हे तुम्हाला माहीत असेलच. मला दुर्बीण चालवायला मिळेल असं वाटलं होतं. मिळाल्या फाइल्स, आधीच घेतलेल्या निरीक्षणांच्या. अशी दुर्बीण दोन-दोन अँटेनांचे संकेत जुळवून बघते. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीचा डेटा तपासायचा. मधूनमधून दुर्बीण कॅलिब्रेटरकडे, म्हणजे आधीपासून नीट माहीत असलेल्या एका स्रोताकडे वळवलेली असते. तो बिंदूसारखा असल्यामुळे आलेखात सरळ, घट्ट पट्टा दिसायला हवा. बहुतेकांचा दिसायचा. अँटेनांच्या पश्चिमेकडे पसरलेल्या रांगेतल्या एका अँटेनाचा मात्र मध्यरात्रीनंतर विसकटलेला, जणू कुणी मूठभर मोहरी सांडली होती. तेवढा भाग 'फ्लॅग' करायचा, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढायचा, पुन्हा कॅलिब्रेट करायचं, म्हणजे त्या माहीत स्रोताशी मोजमाप जुळवून घ्यायचं, पुन्हा बघायचं. पहिले कित्येक दिवस मी फक्त हेच केलं.

हे कंटाळवाणं वाटत असेल तर आत्ताच ठरवा. मला ते आवडलं. खराब काय आणि खरं काय हे माझं मला ठरवायचं होतं, आणि चुकीचं फेकलं असतं तर आकाशातलं काहीतरी नाहीसं झालं असतं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला उत्तर आधी माहीत असतं. इथे ते कुणालाच माहीत नव्हतं, गाईडनाही नाही.

नकाशा तयार झाला तेव्हा त्यात १२८० मेगाहर्ट्झ वारंवारितेला एक गोलसर ठिपका होता. स्पिट्झर या अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणीच्या ८ मायक्रॉन तरंगलांबीच्या चित्रावर तो ठेवला, तर धुळीचं आणि मोठ्या कार्बनी रेणूंचं जे कडं दिसत होतं त्याच्या बरोबर पोटात बसला. आत एक तापलेला मोठा तारा. त्याच्या अतिनील किरणांनी भोवतीचा हायड्रोजन आयनित झालेला, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटलेला, तापमान दहा हजार केल्विनच्या आसपास. साध्या दुर्बिणीतून मधल्या धुळीमुळे त्यातलं काही दिसत नाही. रेडिओ लहरींना ती धूळ अडवत नाही. ठिपक्यातून येणारी एकूण रेडिओ ऊर्जा आणि अंतर माहीत असलं की दर सेकंदाला किती आयनकारी फोटॉन लागत असतील ते काढता येतं, आणि त्यावरून तारा कोणत्या प्रकारचा ते कळतं. माझा निघाला बी-शून्य या तप्त निळ्या प्रकाराच्या जवळपास, सूर्याच्या पंधरा-एक पट वस्तुमानाचा. हे गणित एका पानात बसतं आणि बीएस्सीच्या मुलाला जमतं.

मग कड्यावर काही तरुण तारे दिसले. मी लगेच लिहून टाकलं की मोठ्या ताऱ्याने वायू ढकलला, तो साचला, कोसळला आणि हे तारे जन्मले. एल्मग्रीन आणि लाडा या खगोलशास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडलेली कल्पना याच जातीची. गाईडनी कागद समोर ठेवून एवढंच विचारलं, "ते आधीपासूनच तिथे नव्हते कशावरून?" मग उरलेला वेळ त्या एका प्रश्नात गेला. तरुण तारे भोवतीच्या धुळीमुळे लालसर दिसतात, म्हणून शेजारच्या रिकाम्या आकाशात तसेच लाल रंगाचे तारे किती येतात ते टूमास (2MASS) या अवरक्त सर्वेक्षणाच्या यादीतून मोजायचं, कड्याशी तुलना करायची, समोरचे आणि मागचे तारे वगळायचे. शेवटी अहवालात लिहिलं की संख्या कड्यावर जास्त आहे, पण कारण सिद्ध होत नाही. माझ्या शिक्षणातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य ते.

आमच्या सरांचं दुसरं म्हणणं होतं की दोन महिन्यांत कसलं संशोधन, पोरं तिथे कारकुनी करतात. मी आज स्वतः कॉलेजात शिकवतो आणि ठामपणे सांगतो, हे चूक आहे. दोन महिन्यांत शोधनिबंध होत नाही, हे खरं. पण डेटा साफ करणं हेच संशोधनाचं निम्मं अंग आहे. ज्याने ते कधी केलं नाही त्याने त्याला कारकुनी म्हणू नये. आणि एक गोष्ट मला तेव्हा माहीत असती तर त्याच स्टाफरूममध्ये बोललो असतो: अकादम्यांची ती फेलोशिप शिक्षकांसाठीही असते. सरांना स्वतःला अर्ज करता आला असता. विद्यार्थ्याची वाट अडवणाऱ्या शिक्षकाबद्दल माझ्या मनात आजही राग आहे, आणि माझ्याकडे पत्र मागायला आलेल्या कुणाला मी नकार दिलेला नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं. अकादम्यांखेरीज पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्रॅम आणि उन्हाळी शाळा, जीएमआरटी चालवणारी एनसीआरए व मुंबईची टीआयएफआर यांचा विद्यार्थ्यांसाठीचा व्हीएसआरपी कार्यक्रम, शिवाय बेंगळुरूला आयआयए, नैनितालला एरीज, अहमदाबादला पीआरएल या संशोधन संस्था. तारानिर्मितीवर काम करणारी माणसं यातल्या बहुतेक ठिकाणी आहेत. अर्ज भरण्याआधी त्यांचे पेपर बघा, निदान गोषवारा आणि चित्रं. 'मला लहानपणापासून ताऱ्यांची आवड आहे' याने अर्ज सुरू करू नका. कोणता प्रश्न, कोणता डेटा, ते लिहा. अमेरिकेतल्या एनएसएफ या सरकारी संस्थेच्या आरईयू या उन्हाळी संशोधन कार्यक्रमाच्या मागे वेळ घालवू नका, ते तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतं. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचं लीप्स (LEAPS) हे उन्हाळी संशोधन सगळ्या देशांच्या विद्यार्थ्यांना खुलं असतं, पण स्पर्धा जगभरातून असते.

निवड नाही झाली तरी टूमास, ताऱ्यांची अंतरं मोजणारा गाया उपग्रह, स्पिट्झर यांचा डेटा फुकट आहे, आणि जीएमआरटीची जुनी निरीक्षणंही ठरावीक काळानंतर सगळ्यांसाठी खुली होतात. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका. शार्पलेस या खगोलशास्त्रज्ञाच्या १९५९ च्या यादीत ३१३ तेजोमेघ आहेत, त्यातला एक निवडा आणि त्याभोवतीच्या ताऱ्यांचा रंग-रंग आलेख, म्हणजे दोन वेगवेगळ्या रंगांची मोजमापं एकमेकांसमोर मांडलेला आलेख, काढून बघा. पुढच्या वर्षीच्या अर्जात तो जोडता येईल.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सगळीकडे अर्ज करता येत नाही. काही कार्यक्रम शेवटच्या वर्षासाठी, काही फक्त एमएस्सीसाठी असतात, आणि अटी बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच वाचा. शिवाय गुणांकडे बघतातच, मी वर काहीही म्हटलं असलं तरी. उन्हाळ्यातल्या कामाचे अर्ज हिवाळ्यातच सुरू होतात, काही त्याआधीच. मार्चमध्ये जागे झालात तर बहुतेक दारं बंद झालेली असतील. विद्यावेतन हातात पडायला वेळ लागू शकतो, तेव्हा पहिल्या महिन्याच्या खर्चाची सोय घरून करून ठेवा, आणि वसतिगृहात जागा आहे का हे होकार कळवण्याआधी विचारून घ्या.