दुकान टाकून रायला तं आधी कम्प्युटरचं पाय

भाऊ, मोबाईल रिपेरिंगचं दुकान टाकून रायला, चांगलं हाय, पण काउंटरच्या काचेत पैसा घालण्याआधी कम्प्युटरचं पाय. जुना डेस्कटॉपई चालते, फक्त एसएसडी म्हंजे जलद चालणारी डिस्क टाक, ८ जीबी रॅम कर, अन् यूपीएस तं पायजेच, आपल्याकडं लाईनीचा काय भरोसा, माह्याकडं फ्लॅशिंग, म्हंजे कम्प्युटरवरून फोनात सॉफ्टवेअर टाकणं, अर्ध्यावर असताना लाईन गेली अन् गिऱ्हाइकाचा फोन डेडच झाला, भरून द्या लागला. फुकटचे क्रॅक टूल, म्हंजे चोरीचे सॉफ्टवेअर, घेऊ नको, व्हायरस येते. सेकंडहँड फोन घेताना इंग्रजीत केवायएम, मंग स्पेस, मंग १५ अंकी आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) असा एसएमएस १४४२२ वर टाक, फोन ब्लॅकलिस्ट, म्हंजे चोरीचा वगैरे म्हणून बंद केलेला, असन तं कळते. बिलाचं सॉफ्टवेअर मागून पायजो, तवरिक एक्सेल चालते, उधारी तं मी अजूनई वहीतच लिवतो.