तुमचे प्रश्न : मकरानची लाट आणि आपली खाडी

गेल्या अंकात मी १९४५ च्या त्सुनामीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की २८ नोव्हेंबरच्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याच सकाळी मुंबईच्या किनाऱ्यावर साधारण दोन मीटरची लाट आल्याची नोंद आहे. त्यावर ठाणे-नवी मुंबईतून इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. जे प्रश्न परत परत आलेत तेच घेतलेत, बाकीच्यांनी रागावू नका.

आमचं घर ऐरोलीला, गॅलरीतून खाडी आणि फ्लेमिंगो दिसतात. व्हॉट्सॲपवर फिरतंय की मकरानला मोठा भूकंप झाला तर त्सुनामी थेट ठाणे खाडीत घुसेल. खरंय का? आणि आपल्याला वेळ किती मिळेल? (एक वाचक ताई, ऐरोली)

ताई, मकरानचा धोका खरा आहे, तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतोय आणि १९४५ ला झालं ते पुन्हा होऊ शकतं. पण वेळेचं म्हणाल तर ते गणित तुम्ही स्वतः करू शकता, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर. त्सुनामीचा वेग फक्त पाण्याच्या खोलीवर ठरतो. मीटरमधली खोली गुणिले ९.८, त्याचं वर्गमूळ काढा, सेकंदाला किती मीटर ते मिळेल. अरबी समुद्राचा खोल भाग ३००० मीटर धरला तर येतात १७१, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरच्या वर, विमानाच्या जवळपासचा वेग. आता आपल्याकडची गंमत नाही, देणगीच म्हणा, ती अशी की मुंबईसमोरचा समुद्र लगेच खोल होत नाही, जवळजवळ तीनशे किलोमीटरपर्यंत समुद्रतळाचा उथळ मंच पसरलाय. तिथे सरासरी ७० मीटर खोली धरून तेच गणित करा, वेग येतो ताशी ९४ किलोमीटर, एक्सप्रेस गाडीचा. मकरान किनाऱ्यावरच्या पासनी गावापासून मुंबई साधारण ११७० किलोमीटर, त्यातले ८७० खोल पाण्यात म्हणजे दीड तासाच्या आत संपले, आणि उरलेल्या तीनशेला तीन तासांहून जास्त. बेरीज साडेचार तासांच्या थोडी वर. १९४५ च्या नोंदीतही भूकंप आणि मुंबईतली लाट यांत पाच तासांच्या आसपासचं अंतर आहे. एका ओळीच्या सूत्राने इतकं जवळ जाता येतं हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते गणित तीनदा तपासलं होतं.

तेव्हा सूचना देणारं कुणी नव्हतं. २००४ च्या २६ डिसेंबरला सुमात्राजवळ भूकंप झाला, तमिळनाडूला लाट पोचायला दोन तासांहून जास्त लागले, तरी लोकांना कळलं नाही, हे दुःख मोठं आहे. त्यानंतर २००७ पासून हैदराबादला इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेमध्ये त्सुनामीचं सूचना केंद्र चोवीस तास चालू आहे. भूकंप झाला की तिथे नव्याने मॉडेल, म्हणजे पाणी कसं हलेल याचं संगणकावरचं गणित, चालवत बसत नाहीत, शेकडो काल्पनिक भूकंपांची गणितं आधीच सोडवून ठेवलेली असतात, त्यातलं सगळ्यात जवळचं काढतात, साधारण दहा मिनिटांत पहिलं बुलेटिन निघतं आणि मग समुद्राच्या तळावर ठेवलेले दाब मोजणारे सेन्सर आणि बंदरातले भरतीमापक काय सांगतायत ते बघून ते सुधारत जातात.

आता खाडीत घुसेल का. पाणी येईल, पण ११ मार्च २०११ ला जपानच्या अरुंद खोल आखातांत चढलं तसं चित्र डोळ्यासमोर आणू नका. आपली खाडी लांब, उथळ, चिखलाची, दोन्ही बाजूंना तिवरं, पाण्याची ताकद तळाशी घासून घासूनच बरीच कमी होते. ऐरोलीला ती भिंतीसारखी लाट म्हणून नाही तर चुकीच्या वेळी घाईघाईने आलेली भरती म्हणून दिसेल, बरोबर पाण्याची जोराची ओढ, जेट्टीला बांधलेल्या होड्या तोडणारी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती कुठल्या वेळी येते. आपल्याकडे उधाणाला सुकती आणि भरती यांत चार-पाच मीटरचा फरक असतो. दोन मीटर पाणी पूर्ण सुकतीला आलं तर रोजच्या भरतीच्या खुणेच्याही खाली राहील, आणि तेच उधाणाच्या भरतीवर चढलं तर रस्त्यावर येईल. म्हणून एकच भूकंप घेऊन मॉडेल भरतीच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर पुन्हा पुन्हा चालवावं लागतं, आणि "इतके फूट पाणी येणार" असं एकच ठाम उत्तर देणारा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका.

त्सुनामीच्या आधी समुद्र मागे जातो म्हणतात. आम्ही सुट्टीत जुहू, अलिबागला जातो, ते ओळखायचं कसं? (वाशी)

आपल्या किनाऱ्यावर समुद्र रोज दोनदा मागे जातो, अलिबागला तर ओहोटीत किल्ल्यापर्यंत चालत जातात, त्यामुळे नुसतं "पाणी मागे गेलं" ही खूण इथे पुरेशी नाही. वेळ बघा. भरती चढत असताना पाणी एकदम दहा-पंधरा मिनिटांत मागे गेलं तर वाळूवर थांबायचं नाही, मुलांना घेऊन वर जायचं. आणि उलटही लक्षात ठेवा, कधीकधी मागे न जाता थेट पाणी चढतंच. पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरू नका, दुसरी-तिसरी जास्त मोठी असू शकते आणि हे तासन्‌तास चालतं.

मी सिव्हिल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी ठाणे खाडीचं लाटांचं मॉडेल करायचंय. साध्या लॅपटॉपवर जमेल का? डेटा कुठून आणू? (कळवा)

लॅपटॉपवर जमतं रे. वाऱ्याच्या लाटांसाठी नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये तयार झालेलं स्वान फुकट मिळतं, भरती आणि वादळाच्या पाण्यासाठी ॲडसर्क आहे, त्सुनामीसाठी जपानच्या तोहोकू विद्यापीठातलं तुनामी. पाण्यावर चौकोनांची जाळी टाकायची, प्रत्येक चौकोनात किती पाणी आलं किती गेलं याचा हिशोब सेकंदा-सेकंदाला ठेवायचा, मूळ काम एवढंच. अवघड आहे ते तळाचं.

गेबको नावाचा जगभरच्या समुद्रतळाचा नकाशा फुकट मिळतो, सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण त्याचा एक चौकोन साधारण साडेचारशे मीटरचा. विटाव्याच्या पुलाखाली जाऊन बघ, तिथे खाडीच किती रुंद आहे! अख्खी खाडी एका चौकोनात मावते, मग पाणी वाहणार कुठून? मॉडेल तरी चालतं, रंगीत चित्रंही सुंदर येतात, आणि सगळं चूक असतं. म्हणून जिथे खाडी आहे तिथे बारीक जाळी आणि प्रत्यक्ष मोजलेली खोली पाहिजेच.

आणि मोजणंही सरळ नाही. आम्ही एकदा कोळी काकांच्या होडीतून खोली मोजत होतो, सुकती लागलेली, दोन्हीकडे चिखलावर निवट्या उड्या मारतायत. आमच्या यंत्रातून दोन आवाज खाली जातात, एक बारीक एक जाड. बारीक आवाज पातळ चिखलाच्या वरच्या थरावरूनच परत येतो, जाड आवाज चिखलातून जाऊन खालच्या घट्ट थरावरून येतो, आणि स्क्रीनवर दोन वेगळ्या रेषा, मधे चांगलं हातभर अंतर. मी वहीत काय लिहायचं म्हणून थांबले. काकांनी बांबू सोडला, पाणी संपलं तिथे तो थांबलाच नाही, स्वतःच्या वजनाने हळूहळू आत गेला आणि मग टेकला. वर काढला तर खालचा भाग काळ्या चिखलाने माखलेला. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कुठला तळ पायजे, होडी टेकते तो का बांबू टेकतो तो?" मॉडेलला लाटेची ताकद कुठे घासून जाते हे सांगायचं असेल तर हाच प्रश्न विचारावा लागतो आणि त्याचं उत्तर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. आम्ही दोन्ही आकडे लिहिले आणि मॉडेल दोनदा चालवलं, तूही तसंच कर.

अजून एक, यात खूप जण फसतात. समुद्राच्या नकाशावरची खोली चार्ट डेटमपासून असते, म्हणजे अगदी खालच्या ओहोटीपासून, आणि जमिनीच्या नकाशावरची उंची सरासरी समुद्रपातळीपासून. मुंबईला या दोन शून्यांमधे अडीच मीटरच्या आसपास फरक आहे. न बघता दोन्ही जोडले तर किनाऱ्यावर अडीच मीटरची खोटी पायरी तयार होते. सुरुवातीला माझ्याकडून हे झालंय आणि तीन आठवड्यांचं काम परत करावं लागलं, म्हणून पोटतिडकीने सांगतेय, पहिल्या दिवशी दोन्ही शून्य एक कर आणि मग पुढे जा. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं, तिथे बंदरांची खऱ्या पाण्याची छोटी प्रतिरूपं बांधून लाटा सोडतात. कॉलेजमार्फत परवानगी मिळाली तर नक्की जाऊन ये. पुढे शिकायचं असेल तर आयआयटी मद्रासचा ओशन इंजिनीअरिंग विभाग आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था बघ.

आमचे वडील तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे, आजही जुळतं. पण वेळ जुळली तरी एखाद्या दिवशी पाणी जेट्टीच्या एक-दोन पायऱ्या जास्त चढतं, ते का? तुमचं मॉडेल ते सांगतं का? (दिवाळे, बेलापूर)

काका, वडिलांचा हिशोब पक्का आहे. चतुर्थी म्हणजे चार, चारची पाऊणपट तीन, तर पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, दुपारी आणि रात्रीही. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, पाऊण तास म्हणजे ४५, तेवढा फरक समुद्रावर चालून जातो. अपोलो बंदरला १८७८ पासून पाण्याची उंची नोंदलेली आहे, मॉडेल त्यावरून चंद्र-सूर्याचे बरेच ताल वेगळे काढून भरती आणि तिची उंचीही सांगतं. मूळ विचार वडिलांचाच.

जास्तीच्या पायऱ्या चंद्राच्या नाहीत. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो, वादळात दाब बराच उतरतो, त्यात नैर्ऋत्येचा वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलून धरतो आणि वरून डोंगराकडचं पावसाचं पाणी खाडीत उतरत असतं, तेही भरतीने अडून राहतं. नवी मुंबईतले धारण तलाव त्यासाठीच आहेत, भरतीला दारं आपोआप मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. तलाव गाळाने भरला की ते पाणी थांबायला जागा राहत नाही, म्हणून तो उपसणं हे माझ्या मते त्सुनामीपेक्षा आधीचं काम आहे.

मॉडेल हे सांगतं, पण खाडीच्या आतल्या भागात बरोबर सांगतं का हे ताडून बघायला नोंदी फार कमी आहेत, मापकं बहुतेक बंदरांत आहेत. तुमच्या जेट्टीची पायरी आम्हाला उपयोगी आहे. पायऱ्यांना आकडे द्या, उधाणाच्या दिवसांत पाणी कितव्या पायरीला टेकलं ते तारीख, वेळ आणि वारा कुठला होता यासह वहीत लिहा, पावसाळा संपला की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पायरीची उंची मोजायला मी टेप घेऊन दिवाळ्याला येईन.