एका दिवसाच्या श्रमदानाने गावात खरंच काही बदलतं का?

पुण्या-मुंबईची पोरं सुट्टीच्या दिवशी गावात येऊन टिकाव-घमेलं हातात घेतात, त्याने काही फरक पडतो की नुसते फोटो निघतात, असं तुम्ही विचारलंय. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपसाठी, म्हणजे पाणी अडवण्या-जिरवण्याच्या कामांच्या गावागावांतल्या स्पर्धेसाठी, आमच्या गावाने प्रशिक्षणाला पाठवलेल्यांपैकी एक. फरक पडतो, फक्त तुम्ही येण्याआधी गावातल्या पोरांनी आखणी नीट केलेली हवी.

डोंगराच्या उतारावर समतल चर, म्हणजे पाणी अडून जिरावं म्हणून एका पातळीत आडवे खणलेले खड्डे, खोदायचे असतात. त्यांची रेघ ए फ्रेमने आखायची. ए फ्रेम म्हणजे लाकडाचे दोन पाय, मधे आडवी पट्टी, वरून लोंबता ओळंबा. दोरी पट्टीच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्कीची खूण करायची आणि पुढे सरकायचं. ही रेघ जराशी कलली तरी पहिल्याच वळवात पाणी खालच्या टोकाला धावतं, बांध फुटतो, माती ओढ्याला जाते. सगळ्यांचा घाम वाया जातोच, वर उताराला नवी घळ पडते.

स्पर्धा २०१६ साली कोरेगाव, वरुड आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली. २०१८ मध्ये तालुके ७५ झाले, आणि पहिला नंबर आमच्या माणमधल्याच टाकेवाडीने काढला. त्या वर्षी १ मेला शहरांतले जलमित्र, म्हणजे श्रमदान करणारे स्वयंसेवक, महाश्रमदानाला गावोगाव आले होते. पण स्पर्धा ४५ दिवसांची होती. बाकीचे दिवस गावानेच ओढायचे होते.

आमच्याकडे खोदाईपेक्षा अवघड होतं ते दोन भावक्यांना एका चरावर आणणं. ते केलं बारावीची परीक्षा दिलेल्या मुलींनी. रात्री जेवणं उरकली की घरोघर जायच्या. "आजी, सकाळी डोंगरावर या. नुसतं बसा, पण या." आजी आल्या, मागोमाग सुना आल्या, मग पारावरच्या मंडळींना घरी थांबवेना. या मुलींचं नाव कुठल्या बोर्डावर नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

शहरातली माणसं येतात तेव्हा दमलेल्या गावाला नेट येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

खरी कसोटी पावसाळ्यानंतर लागते. विहिरींना पाणी दिसलं की बोअर पाडायची आणि ऊस लावायची घाई सुटते. तेव्हा ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आहे आणि किती लागेल याचा हिशेब, मांडून चुलत्याच्या तोंडावर "काका, यंदा ऊस नको" म्हणायला चर खोदण्यापेक्षा जास्त छाती लागते.

तुम्हाला जायचंच असेल तर गावाला आधी दोन गोष्टी विचारा: आखणी कोणी केली आणि पुढच्या उन्हाळ्यात चरांतला गाळ कोण काढणार. माणसांची नावं सांगितली तर बिनधास्त जा. टोपी घ्या, पाणी घ्या आणि उजाडायच्या आत पोचा. एप्रिल-मेमध्ये दहानंतर आमच्या डोंगरावर ऊन उभं राहू देत नाही.