इंडोनेशियाचा जीडीपी दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतो, तरी बाजारात मालाला उठाव का नाही?

मी जकार्तात कापडाच्या धंद्यात आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न इथे रोज कानावर पडतो. आकडे खरे आहेत: २०२३ मध्ये ५.०५ टक्के, २०२४ मध्ये ५.०३. पण ही वाढ कोणाच्या खिशात जाते ते बघायला हवं.

इथल्या जीडीपीत निम्म्याहून जास्त वाटा घरगुती खर्चाचा. त्याच बळावर २००९ मध्ये मलेशिया, थायलंड आक्रसत असताना इंडोनेशिया साडेचार टक्क्यांच्या वर वाढला. आता नेमकी तीच बाजू लंगडी पडली आहे. सरकारी आकडेवारीनुसारच २०१९ मध्ये मध्यमवर्गात सुमारे ५.७ कोटी माणसं होती, २०२४ मध्ये ४.८ कोटी उरली.

माझ्या मते मूळ दुखणं पगाराचं आहे. २०२० मध्ये कच्च्या निकेलची निर्यात बंद केली आणि सुलावेसी बेटावर मोरोवालीला चिनी पैशातून निकेल वितळवायचे मोठाले कारखाने उभे राहिले. निर्यात वाढली, जीडीपी वाढला. पण भट्टीला पैसा लागतो भरपूर, माणसं त्या मानाने थोडी. आणि जावातले कपड्यांचे, बुटांचे कारखाने, जिथे हजारो बायका मशीनवर बसायच्या, तिथे कपात सुरू झाली.

नोकरी गेलेला माणूस घरी बसत नाही. तो ॲपवर दुचाकी चालवतो किंवा गाडी लावून तळलेले पदार्थ विकतो. बेरोजगारीच्या आकड्यात तो दिसतच नाही. पण त्याचा ‘टीएचआर’ जातो. टीएचआर म्हणजे ईदच्या किमान सात दिवस आधी मालकाने द्यायचा सणाचा बोनस. वर्षभर टिकलेल्या कामगाराला पूर्ण एक महिन्याचा पगार, तोही कायद्याने. जकार्तातल्या तनाह आबांगच्या कापडबाजाराचा सगळा हंगाम या पैशावर उभा असतो. हा पैसा हातात आला की बाई घरातल्या सगळ्यांसाठी एकाच रंगाचे कपडे घेते. तो नसेल तर फक्त पोरांपुरते घेते, तेही घासाघीस करून.

सरकारलाही हे कळतं. २०२५ पासून व्हॅट १२ टक्के व्हायचा होता, तो वाढीव बोजा ऐनवेळी चैनीच्या वस्तूंपुरता ठेवला. बरं केलं. पण राष्ट्राध्यक्ष प्रबोवो ८ टक्के वाढीचं बोलतात, ते निकेलच्या जोरावर होईल असं मला वाटत नाही. जावात शिलाईचे कारखाने पुन्हा माणसं घेऊ लागले, तरच बाजार हलेल.