कोणत्या कंपनीची गाडी चालवावी?

प्रश्न : जड वाहनाचा परवाना आहे, आता लांब पल्ल्याच्या ट्रेलरवर जायचं आहे. दोन कंपन्यांनी बोलावलं आहे. एकीचा किलोमीटरमागचा दर दुसरीपेक्षा दहा टक्के जास्त आहे. तीच धरावी का?

तो दर कोणत्या किलोमीटरवर मिळतो, हे कळल्याशिवाय होकार देऊ नका. समजा, एकीचा दर १०० आणि दुसरीचा ११०. दुसरीकडे पाचातला एक किलोमीटर रिकाम्या गाडीचा असेल आणि त्याचे पैसे मिळत नसतील, तर ११० चे हातात ८८ च पडतात. अंतर गाडीच्या मीटरवरून धरतात की नकाशावरच्या सगळ्यात जवळच्या रस्त्याने, हेही विचारा. कमी उंचीचा पूल, वजनाची बंदी यामुळे ट्रेलरला वळसा पडतोच. नकाशाने मोजलं, तर तो वळसा तुम्ही फुकट चालवता.

दुसरी गळती गोदामाच्या दारात होते. माल चढवता-उतरवताना रांगेत गेलेल्या तासांचा भत्ता कितव्या तासापासून सुरू होतो? ‘ग्राहकाने दिला तर देऊ’ अशी अट असेल, तर भत्ता नाहीच असं धरून चाला. वसुली तुमच्या हातात नसते. म्हणून आठवड्याची निव्वळ रक्कम घ्या आणि तिला ड्युटीच्या सगळ्या तासांनी भागा. रांग, डिझेल भरणं, गाडीची तपासणी, सगळं त्यात आलं. तुलना या आकड्यांची करा. भरती करणारा माणूस नेहमी चांगला आठवडाच सांगतो (त्याचं कामच ते), तेव्हा तुमच्याच मार्गावरच्या एखाद्या ड्रायव्हरला लागोपाठच्या चार आठवड्यांचा हिशेब विचारा. त्यातला कपातीचा रकाना आधी वाचा : दंड, मालाची तूटफूट, अनामत. जादा वजनाचा दंड ड्रायव्हरकडून कापणारी कंपनी सोडून द्या. माल किती भरायचा हे ड्रायव्हर ठरवत नसतो.

सही करण्याआधी यार्डात जाऊन गाड्या बघा. पुढच्या टायरची एकच कड झिजली असेल, तर अलाइनमेंटकडे, म्हणजे चाकं सरळ रेषेत ठेवण्याकडे, लक्ष नाही. टायरवर ठिकठिकाणी खळगे पडले असतील, तर शॉकअप किंवा चाकाचा समतोल बिघडलेला आहे. ब्रेकची हवा तपासायला गाडी सपाटीवर घ्या, चाकांना ठोकळे लावा, हवेच्या टाक्या पूर्ण भरू द्या. मग इंजिन बंद करून हँडब्रेक सोडा आणि ब्रेकचं पेडल मिनिटभर दाबून धरा. सुरुवातीला दाबाचा काटा उतरतो तो सोडा. त्यानंतरच्या मिनिटात ट्रेलर जोडलेल्या गाडीचा दाब ४ पीएसआयपेक्षा जास्त उतरला, तर कुठेतरी गळती आहे. एखादी गाडी बिघडलेली असणं समजू शकतं. तीन गाड्यांत तेच दिसलं, तर दुरुस्तीचा खर्च टाळला जातो आहे.

शेवटी, गाड्या पाठवणाऱ्या माणसाला एकच विचारा : “कायद्याने ठरलेले चालवायचे तास संपले आणि पोचायला दोन तास उरलेत, तर मी काय करायचं?” ‘थांब, मी ग्राहकाला कळवतो’ याखेरीज दुसरं उत्तर आलं, तर तिथे नोकरी धरू नका. परवाना तुमचा जाईल, त्याचा नव्हे.

प्रश्न : कंपनी म्हणते, हप्ते भरत गाडी चालवा, काही वर्षांनी ती तुमच्या नावावर होईल. घ्यावी का?

नव्या ड्रायव्हरने नको. हप्ता दर आठवड्याला ठरलेला, पण भाडं, म्हणजे माल नेण्याचं काम, किती द्यायचं हे कंपनीच ठरवते. डिझेल, टायर, विमा, दुरुस्ती बहुधा तुमच्याकडे येते. भाडं नसलेल्या आठवड्याचा हिशेब कागदावर मांडून बघा. तरीही घ्यायचीच असेल, तर करारात तीन गोष्टी शोधा : मध्येच सोडल्यास भरलेल्या हप्त्यांचं काय, दुसऱ्या कंपनीचं भाडं घेता येतं का, आणि इंजिन उघडावं लागलं तर खर्च कोणाचा. इंजिनच्या खर्चाबद्दल करारात काहीच लिहिलं नसेल, तर तो तुमच्याच माथी येईल असं समजा.