शॉर्टवेव्ह: वाचकांचे प्रश्न

जुना मर्फी रेडिओ दुरुस्त करून घेतला. बीबीसी हिंदीच्या जागी नुसती खरखर आहे. आता शॉर्टवेव्हवर काही उरलंय का? (सातारा)

बीबीसी हिंदीचं रेडिओ प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी बंद झालं, त्यामुळे दोष मर्फीचा नाही. नेदरलँड्स आणि कॅनडा जून २०१२मध्ये शॉर्टवेव्हवरून उतरले, ऑस्ट्रेलिया जानेवारी २०१७मध्ये. बहुतेकांनी कारण इंटरनेटचं दिलं, पण विजेचं बिलही तेवढंच बोलतं. असे प्रक्षेपक २५० किंवा ५०० किलोवॉटचे असतात आणि एएम पद्धतीत आवाज पूर्ण जोरात (शंभर टक्के मॉड्युलेशन) असला तरी दोनतृतीयांश शक्ती नुसत्या वाहक लहरीत, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या कोऱ्या लहरीत जाते. निवेदक श्वास घ्यायला थांबला तरी मीटर पळतच असतो. बजेट कापायला बसलेल्या माणसाला हे आधी दिसतं.

तरी चीन, रुमानिया, न्यूझीलंड अजून शॉर्टवेव्हवर आहेत. मार्च २०२२मध्ये युद्ध पेटल्यावर बीबीसीने युक्रेनसाठी १५७३५ आणि ५८७५ किलोहर्ट्झवर रोज चार तास इंग्रजी प्रसारण पुन्हा सुरू केलं होतं. मनोरे पाडले आणि जमिनी विकल्या की असं परतणं जमत नाही. हे मोडीत काढणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं.

सेट नवा, डिजिटल. पण घरात सगळीकडे घर्रर्र आवाज. स्टेशन त्याखाली दबतं. (पुणे)

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही सर्वांत मोठी, आणि रेडिओ बदलून ती जात नाही. सेट सेलवर चालवा. साडेनऊ मेगाहर्ट्झच्या आसपास रिकामी जागा धरून आवाज चालू ठेवा आणि घराचा मेन स्विच पाडा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर त्यावरच्या ट्यूब चालूच राहतात, इन्व्हर्टर स्वतःही गोंगाट करतो आणि चाचणी फुकट जाते.

घरघर गेली तर चोर घरात आहे. आता सगळे एमसीबी (खोल्यांचे खटके) खाली करून मेन चालू करा आणि एकेक एमसीबी वर करत जा. ज्या खटक्याला आवाज परत येईल, त्या खोलीतली उपकरणं एकेक काढून बघा. बहुधा स्वस्तातला एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, राउटरचा अडॅप्टर किंवा सेट टॉप बॉक्स सापडेल. यांच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतं-जोडतं, त्याचे पटीतले तरंग थेट शॉर्टवेव्हपर्यंत पोचतात आणि घराचं वायरिंग त्यांचं एरियल बनतं. फिल्टरचे चार सुटे भाग वाचवले की बल्ब स्वस्त होतो, एवढंच. नेमका बल्ब हुडकायला खिशातला ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावून जवळ न्या.

उपकरण बदलता येत असेल तर बदला. नाहीतर वायरवर फेराइट (गोंगाट अडवणारी चुंबकीय रिंग) लावा, पण वायर त्यातून एकदाच ओवून शॉर्टवेव्हवर फारसा फरक पडत नाही. अडवण्याची ताकद साधारण वेढ्यांच्या वर्गाने वाढते, म्हणून मोठी रिंग घ्या आणि पाच-सात वेढे द्या. फेराइट ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचं मिळालं तर उत्तम.

मेन पाडूनही घरघर राहिली तर ती शेजारून येतेय. मग सेट घेऊन गच्चीवर जा.

एरियलची तार किती लांब हवी? (रत्नागिरी)

हातातल्या सेटला सहा ते आठ मीटर. प्लास्टिकचं आवरण असलेली बारीक तार गॅलरीच्या ग्रिलबाहेर काढा, विजेच्या तारांना समांतर नेऊ नका, आणि मगरचिमट्याने दांडी एरियलला जोडा. वीस-तीस मीटर जोडली की छोटा सेट गुदमरतो, मोठी स्टेशनं नको तिथे उमटतात. तसं झालं तर सेटवरचा ‘डीएक्स-लोकल’ स्विच असल्यास तो ‘लोकल’वर न्या, म्हणजे सेटची संवेदनशीलता कमी होते.

व्हॉल्व्हच्या (आत काचेच्या नळ्या असलेल्या) जुन्या सेटला मात्र पंधरा-वीस मीटर चालतात, अर्थिंगही हवं. ते प्लगच्या तिसऱ्या पिनेवरून घेऊ नका, सगळा गोंगाट तिथेच असतो. जमिनीत वेगळी सळई ठोका. आणि सांभाळून: ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटची चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते. अशा सेटला अर्थिंग सरळ जोडू नका, मागचे स्क्रूही चालू असताना चाचपू नका. वळवाच्या गडगडाटापासून परतीच्या पावसापर्यंत ऐकणं संपलं की तार काढून घराबाहेर टाकावी.

एकच स्टेशन काट्यावर दोन ठिकाणी लागतं. (बेळगाव)

दोन जागांत ९१० किलोहर्ट्झचं अंतर असेल तर खालची जागा भुताची. जुना सेट प्रत्येक स्टेशन आधी ४५५ किलोहर्ट्झ या आतल्या मधल्या वारंवारतेवर (आयएफ) आणतो आणि काट्याच्या आकड्यापेक्षा तिच्या दुपटीने वर असलेलं स्टेशनही आत घुसतं. म्हणजे ९८८०चं स्टेशन ८९७०लाही ऐकू येईल. अलाइनमेंट (आतल्या सर्किटांची जुळवणी) नीट केली तर भूत थोडं दबतं, पुरतं जात नाही.

दिवसा ४१ मीटरवर काहीच का येत नाही? (नागपूर)

पट्ट्याचं नाव तरंगलांबीवरून असतं, म्हणजे मीटरचा आकडा मोठा तितकी वारंवारता खालची; आणि उन्हात वातावरणाचा डी थर खालच्या वारंवारता गिळतो. दुपारी १६, १९, २२ मीटर बघा. ४९ आणि ४१ अंधारात, ३१ आणि २५ संध्याकाळी. वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, त्यामुळे गेल्या मोसमाचा कागद फेकून द्या. वेळापत्रकातल्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. साडेपाच तास मिळवा, १४०० म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. आणि पट्टा उघडा आहे का हे बघायचं तर १०००० किलोहर्ट्झ लावा. चीनच्या बीपीएम या वेळेचे इशारे देणाऱ्या केंद्राची सेकंदागणिक टकटक ऐकू आली, तर सेट, तार आणि आकाश तिन्ही ठीक आहेत. मग वेळापत्रक तपासा.